कल, कौल आणि कौलं

आमच्या रावजीला तिसरी मुलगी झाली, आणि बारशाच्या दिवशी मैना हे नाव पाळण्यात नीट पडायच्या आत तिची आजी अंगणात पडली, ते साल सत्त्याऐंशी. येसूवयनीच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात गेला, डावा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं. जीभ तेवढी शाबूत राहिली. देव न्यायला येतो तेव्हा काय न्यायचं याची निवड त्याला नीट जमत नाही.

येसूवयनी ही रावजीची आई, म्हणजे माझी भावजय. मी रावजीची आते. नवरा वारल्यावर मी माहेरी आले ती कायमचीच. तेव्हापासून आम्ही दोघी एका छपराखाली आणि दोन चुलींवर राहत होतो. आमचं भांडण इतकं जुनं होतं की ते कशावरून सुरू झालं, यावरूनही आमचं भांडण व्हायचं.

आता तिचं करणार कोण? रावजीची बायको तुळसा बाळंतीण, त्यात शेत आणि गुरं. रावजीने डोकं धरून विचार केला आणि घरातल्या पुरुषाचा विचार शेवटी जिथे येऊन थांबतो तिथेच तो थांबला. थोरली राही सातवीत होती. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल देवरूखला, सकाळच्या एसटीने जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. रावजी म्हणाला, "सातवी म्हंजी लय झाली. आता घरात ऱ्हावूंदे. आजीचं करील."

रावजी स्वतः तिसरीत दोनदा बसला होता. त्यामुळे सातवी म्हणजे फार, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

माझं नाव कोणी काढलं नाही. मी घरात होते, हातपाय धड होते, पण येसूवयनीचं मी करावं हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. गवताच्या उडवीशेजारी चूल मांडू नये, एवढं रावजीला कळत होतं.

राही रडली नाही. ती पोर रडायची नाही, प्रश्न विचारायची.

"बाबा, आजी बरी झाली तर मी परत शाळंत जायाचं?"

"आजी बरी नाय व्हनार."

"मंग आजी मेली तर?"

रावजीने हात उचलला. आतून येसूवयनी ओरडली, "मारू नको रं तिला! बरोबर इचारतंय पोर. मी मेल्यावर काय ता आत्ताच ठरवा, मंग मी बी त्या हिशोबानं मरतंय."

याच दिवसांत आमच्या शाळेचे खातू गुरुजी रत्नागिरीला शिबिराला गेले. शिबिराला गेलेला मास्तर आणि माहेराहून आलेली सून, दोघांच्याही डोक्यात काहीतरी भरून पाठवलेलं असतं. गुरुजी माणूस चांगला. उतारवयात मला अक्षर ओळखायला त्यांनीच शिकवलं. पाटीवर 'ळ' काढताना माझी जीभ बाहेर यायची, ती बघून ते न बघितल्यासारखं करायचे. तेव्हा त्यांच्याबद्दल मी जे लिहिते आहे ते प्रेमाने लिहिते आहे, असंच समजावं.

गुरुजी परत आले ते बुद्धी घेऊन आले. एक नव्हे, सात. पारावर आम्हा सगळ्यांना बसवून सांगू लागले, "बुद्धी एकच नसते. कुणाला भाषेची असते, कुणाला आकड्यांची, कुणाला सुरांची, चित्रांची, हातापायांची. कुणाला माणसं ओळखायची असते, तर कुणाला स्वतःला ओळखायची. प्रत्येक मुलात यातलं काहीतरी असतंच. आपण फक्त हुडकायचं!"

आमच्या लहानपणी बुद्धी एकच होती आणि ती खोताच्या माडीवर राहायची. कुळकायद्याने जमिनी वाटल्या, तशी आता सरकारने बुद्धीही वाटायला काढली, याचा मला आनंदच झाला. फक्त जमिनीच्या वेळी चांगला तुकडा ज्याच्याकडे जायचा त्याच्याकडेच गेला होता, तेवढं आठवत होतं.

खालच्या वाडीतला धाकू पुढे सरकला. "गुरुजी, हातापायांची बुद्धी म्हंजी हमाली काय?"

"नाही धाकू. शरीर कौशल्यानं वापरणं."

"व्हय, ताच. ती मला हाय. सारा जन्म वापरतंय, पन आजवर कोन बोल्ला नाय मला बुद्धी हाय म्हनून."

"आहेच!" गुरुजी म्हणाले.

धाकू छाती काढून घरी गेला आणि बायकोला म्हणाला, मला बुद्धी आहे. बायकोने त्याला त्याच बुद्धीने विहिरीवरून पाणी आणायला पाठवलं.

मग गुरुजींनी शाळेतल्या मुलांबरोबर निरोप धाडला, की रविवारी मुलांचा कल घ्यायचा आहे, पालकांनी न चुकता यावे. कल म्हणजे मुलाची ओढ कशाकडे आहे ते. हा शब्द पुस्तकात असतो. आमच्या गावात कल नसतो, कौल असतो. निरोप पहिली-दुसरीच्या पोरांनी नेला, आणि घरोघरी पोचला तो असा: रविवारी पोरांचा कौल घ्यायचाय.

यात कुणाला नवल वाटलं नाही. आमच्याकडे विहीर कुठे खणायची, म्हैस ठेवायची की विकायची, मुंबईच्या पोराला कुठल्या गावची मुलगी करायची, सगळं वाघजाईला कौल लावूनच ठरतं. देवीच्या दोन्ही खांद्यांना तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरुजींना उशिरा का होईना शहाणपण आलं, असं म्हणून लोक रविवारी सकाळी नारळ घेऊन देवळात गेले. आप्पा गुरव आंघोळ करून, कळ्या भिजत घालून तयार होता.

एकटा धाकू शाळेत गेला. त्याने तिसराच कौल ऐकला होता. एप्रिल महिना, पावसाआधी छपराची कौलं परतायचे दिवस. तो शिडी घेऊन आला, शाळेच्या छपरावर चढला आणि सरळ कौलं उतरवायला लागला. खाली गुरुजी ढोलकी, चिकणमाती आणि रंगीत खडू मांडून पालकांची वाट बघत बसले होते. अचानक त्यांच्या डोक्यावर उजेड पडला. वर बघतात तर धाकू.

"काय करतोयस रे?"

"कौलं काढतंय. तुमीच ना निरोप धाडलाव?"

"कौलं नव्हेत रे बाबा! कल! कल!"

"असं व्हय," धाकू वरूनच म्हणाला. "मंग बाकीची देवळात कशाला गेली?"

गुरुजी ढोलकी गळ्यात अडकवून, माती टोपलीत घेऊन देवळात आले. मागून धाकू शिडी घेऊन आला. छपराला भोक तसंच राहिलं. आम्ही सगळे सभामंडपात सतरंजीवर बसलो होतो, पोरांना नवे कपडे घातले होते.

"आप्पा," गुरुजी दम खात म्हणाले, "हे विज्ञान आहे. याला कौल लावायचा नसतो."

"तुमी तपासा नि सांगा ना, गुरुजी," आप्पा गुरव म्हणाला. "आमी देवीला इचारून पक्कं करतंव. तुमच्या कागदावर सायबाची सही लागते ना? तशी ही सही."

गुरुजींनी इकडेतिकडे बघितलं. इतके पालक एका जागी त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाहिले नव्हते. विज्ञान जरा बाजूला सरकलं आणि सतरंजीवर देवीला जागा झाली.

मग सुरू झालं. भिवाच्या केरूला माती दिली, तर तो ती पायाने तुडवून देवळाच्या खांबावर चढला. गुरुजी म्हणाले, हातापायांची बुद्धी. आप्पाने गाऱ्हाणं घातलं, उजवी कळी पडली. भिवा म्हणाला, "खांबावर चडतो ता मला बी दिसतंय, पन आता देवी बोल्ली."

चिमाच्या जनीने गाणं म्हटलं. गळा गोड. गुरुजींचे डोळे मिटले. "सुरांची! अगदी उघड आहे."

"म्हंजी गानारीन व्हनार?" चिमा घाबरली. "आमच्यात नाय चालत ता. दुसरी कुठची असली तर बगा."

"अहो, ही देणगी असते. बाजारातले बांगडे नव्हेत बदलून मागायला."

"बांगडं बी आमी कल्ले उघडून बगतंव, गुरुजी."

तिकडेही उजवी पडली. चिमाने पदर तोंडाला लावला. एक पोर कोपऱ्यात भिंतीला टेकून झोपलं होतं. त्याला गुरुजींनी स्वतःला ओळखायची बुद्धी दिली. मला वाटतं शिल्लक होती म्हणून दिली. त्यालाही उजवी पडली. गुरुजींची प्रत्येक बुद्धी देवी मान्य करत चालली होती, आणि गुरुजींचा देवीवरचा विश्वास वाढत चालला होता.

शेवटी राहीची पाळी आली. मातीचा तिने गोळा केला, तो गोळाच राहिला. ढोलकीवर थाप मारली ती आमच्या दारावर टपालवाला मारतो तशी. खडूने गाय काढली, तिला तिच्या बापानेही ओळखलं नाही. आकडे बरे, पण नवल करावं असे नव्हेत. गुरुजी डोकं खाजवायला लागले.

"गुरुजी," राही म्हणाली, "ह्यातली एकबी नसली तर?"

"असं होत नाही, बाळ. प्रत्येकात असतेच."

"असतेच तर बगायचं कशाला?"

"कुठली आहे ते कळायला."

"आनि तुमच्या सातांत नसलेली असली तर?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, "हिचं अजून स्पष्ट होत नाही."

त्यांना म्हणायचं होतं की आणखी बघावं लागेल. रावजीला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं. तो उठून उभा राहिला. "बगा! गुरुजीच बोल्लं! काय नाय हिच्यात. मंग हायस्कुलात जावून काय करनार?"

"मी तसं म्हटलं नाही," गुरुजी म्हणाले. पण ते हळू म्हणाले, आणि तेवढ्यात केरूने ढोलकी बडवली. मुलांतली बुद्धी हुडकायला निघालेल्या माणसाने एका मुलीची शाळा बंद करायची सोय करून ठेवली, तीही वाजतगाजत.

रावजीने नारळ पुढे केला. राहीच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला. रावजीचा विचार आज ना उद्या बदलता आला असता. तुळसाने बदलला असता, गुरुजींनी घरी येऊन बदलला असता. पण देवीने एकदा होय म्हटलं की आमच्या गावात त्यावर अपील नाही.

आप्पाने कळ्या लावल्या आणि सूर धरला. "हे आई वाघजाई, बारा वाड्यांची धनीन तू!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज तुजा लेक रावजी तुज्या पुढ्यात उभा हाय!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याची आय आथरुनाला खिळलीय. तिचं करायला राहीनं घरात ऱ्हावावं काय ता सांग. ऱ्हावावं तर उजवी दे, नको तर डावी..."

"आप्पा, थांबा," राही म्हणाली.

गाऱ्हाण्याच्या मध्ये आमच्याकडे कुत्रंही भुंकत नाही. आप्पाचे हात वरच राहिले. "काय गो?"

"प्रश्न अर्दा झाला."

दुसऱ्या कुठल्या गुरवाने तिला हाकलली असती. पण आप्पाचं ते दुखरं ठिकाण होतं. मागल्या साली त्याने भिवाच्या विहिरीसाठी कौल लावला, पाणी लागेल का एवढंच विचारलं. देवीने होय म्हटलं. पाणी लागलं, पण खणता खणता विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत शिरली होती. तेव्हापासून भिवा त्याला 'अर्धा गुरव' म्हणत असे.

"अर्दा कसा?" आप्पाने विचारलं.

"आजीचं करायला माणूस लागतंय. आय बाळंतीन. ऱ्हायल्या दोन बायका, मी नि आतेआजी. तुमी देवीला एकाच बाईचं नाव सांगितलंव. तिला वाटंल घरात दुसरं कोन नायच."

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. मी खांबाआड होते, पण खांब बारीक होता.

"येडी काय गो तू?" मी म्हटलं. "मी नि येसूवयनी? आठ दिवसांत एकीला उचलावी लागंल."

"कुठचीला, ता बी इचारून घेवूया काय?" धाकू मागून म्हणाला, आणि देवळात हशा झाला.

"आते नाय करनार," रावजी म्हणाला.

"ता आता तू कोन सांगनार?" आप्पा म्हणाला. "देवीपुढं नाव निघालं. निघालेलं नाव मागं जात नाय."

"उजवी पडली तर आतेआजी," राही म्हणाली. "डावी पडली तर मी." एवढं बोलून ती खाली बसली.

आप्पाने पहिल्या कळ्या काढल्या, नव्या लावल्या, गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं, आणि या वेळी दोन्ही नावं खणखणीत घेतली. आम्ही वाट बघत राहिलो. रावजी डाव्या कळीकडे बघत होता, मीही डाव्या कळीकडेच बघत होते. गुरुजींचे हात जोडलेले होते. विज्ञानाचे डोळे मिटलेले होते.

उजवी पडली.

चिमा म्हणाली, "बरं झालं गो बाय, तुला बी काम मिळालं." मी तिला काय म्हटलं ते देवळात म्हणायचं नव्हतं.

घरी येताना राही माझ्या मागून चालत होती. बांधावर तिने मला गाठलं. मग म्हणाली, "आतेआजी, रागावलीस?"

"नाय. नाचतंय आनंदानं. उजवी मला कशाला दिलीस गो?"

"देवीच्या उजव्या अंगाला झरोका हाय. तितनं वारा येतो. त्या अंगाची कळी आदी सुकते."

"कोनी सांगितलान तुला?"

"कोनी नाय. सकाळपासनं बसलेली ना मी. सगळ्यांची उजवीच पडली."

म्हणजे रावजीचा प्रश्न तसाच पुढे गेला असता तर उजवी त्याच्या बाजूने पडली असती. पोरीने देवी बदलली नाही, वाराही बदलला नाही. बाजू तेवढी बदलली. ही सातांतली कितवी बुद्धी, हे मी गुरुजींना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी आठवी काढली असती आणि पुढचं शिबिर एका दिवसाने वाढलं असतं. झरोक्याचं आप्पालाही सांगितलं नाही. गाव चालायला काहीतरी लागतं.

येसूवयनीला मीच सांगितलं.

"म्हंजी माजं मरन तुज्या हातात?" ती म्हणाली.

"देवीनं दिलंय."

"देवी पयल्यापासनंच तुज्या बाजूची. आनि ऐक, पेज पातळ करू नको. तुजी पेज म्हंजी तांदूळ धुतलेलं पानी."

"तोंड वाकडं झालंय तुजं. जाड पेज गळंल."

"गळूंदे. माजी हाय, मी गाळीन."

जूनमध्ये राही देवरूखला जाऊ लागली. देवीचं मोडायची रावजीची छाती नव्हती. पुढच्या जूनला त्याने एकदा "आता बास झालं" असं म्हणून बघितलं. राही म्हणाली, "इचारूया मंग देवीला?" तो बैल सोडायला निघून गेला.

मी येसूवयनीला आंघोळ घालायची, तेव्हा ती म्हणायची, घासतेस काय टोपासारखी? मी म्हणायची, टोप बोलत नाही, एवढाच फरक. तिला कुशीवर वळवताना माझी कंबर मोडायची आणि तिला ते बघून बरं वाटायचं. दुपारी वेळ जात नसे, म्हणून मी राहीची जुनी पुस्तकं तिला वाचून दाखवायला लागले. माझं वाचणं अक्षराला अक्षर जोडत चालायचं. लढाईचा धडा होता. येसूवयनी ऐकून ऐकून कंटाळली आणि म्हणाली, "अगो, त्या राजाला मारतेस की ठेवतेस ता एकदा ठरव. सकाळपासनं तलवार उचलून उभा हाय बिचारा."

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच विचारलं, "मेला काय गो तो?"

संध्याकाळी राही यायची, आजीच्या पायाशी बसून मोठ्याने अभ्यास करायची. येसूवयनी मध्येच प्रश्न विचारायची. पृथ्वी फिरते तर आपलं घर कसं देवरूखला जात नाही, असे. आपल्या घरात प्रश्न कुठून आले, ते मला तेव्हा कळलं. कुठल्याच मास्तराने हिचा कल कधी घेतला नव्हता. हिला शाळाच कोणी दाखवली नव्हती.

खातू गुरुजींची बदली झाली. जाताना निरोप घ्यायला आले. म्हणाले, "राहीला भाषेची बुद्धी आहे हे मी त्या दिवशीच ओळखलं होतं." मी म्हटलं, "तर काय. तुमच्यामुळंच तर सगळं झालं." ते खरंच होतं, फक्त त्यांनी ते दुसऱ्या अर्थाने घेतलं. पुढे दापोलीकडच्या एका शिबिरात त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं, असं ऐकलं. विषय होता, पालकांचा सहभाग. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या गावात म्हणे कल घ्यायला शंभर टक्के पालक आले नव्हते. आमच्याकडे तर एक जण शिडी घेऊन आला होता.

शेवटच्या दिवसांत येसूवयनीची जीभही जड झाली. तिने एकदा मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "मीठ कमी होतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पोरीला थांबवू नका. माज्यासाटी बी नाय नि तुज्यासाटी बी नाय. तू पडलीस तर रावजीला करूंदे."

मी म्हटलं, "रावजीची पेज कशी असंल ठावं हाय तुला?"

ती हसली. अर्धंच तोंड हसलं.

येसूवयनी एकोणनव्वद सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी वारली. राही तेव्हा नववीत होती आणि देवरूखला वर्गात बसली होती.